परीक्षेला न बसण्याचा सत्कार

तुम्ही कधी एखाद्या माणसाने परीक्षेला बसू नये म्हणून वर्गणी दिली आहे का? लगेच मान हलवू नका. आमच्या पांदानोन गावातल्या निम्म्या लोकांनी ती दिली, वर बँडच्या तालावर नाचले, आणि चांगलं काम केल्याचं समाधान घेऊन घरी गेले. ज्याने बसू नये म्हणून ती खर्च झाली, त्यानेसुद्धा दिली. तोही नाचला. त्याचाच नाच सगळ्यात वाईट होता.

त्याचं नाव रेस्तितुतो पाक्लिबार. एवढं लांब नाव फक्त आमचे पाद्री आणि सरकारचं परीक्षा मंडळ घेतं. बाकी सगळ्यांना तो तुतिंग. वय चव्वेचाळीस, पोट थोडं सुटलेलं, केस बरेच सोडून गेलेले. धक्क्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात तो लोखंडी सळ्या आणि सिमेंट मोजून देतो. म्हाताऱ्या आईबरोबर राहतो. तिला गाव नाय कोर्दिंग म्हणतं; ‘नाय’ म्हणजे आई. लग्न नाही. म्हणजे ठरलं होतं, पण ‘परवाना आला की करू’ असं तो म्हणत राहिला आणि मुलीने शेवटी कस्टममधल्या एका कारकुनाशी केलं. त्या लग्नात भात शिजवायची मोठी पातेली डोक्यावरून वाहून आणली ती तुतिंगने. असला माणूस.

आमच्याकडे इंजिनियरिंगची पदवी घेतली म्हणजे अर्धंच काम झालं. त्यानंतर सरकारी परीक्षा पास होऊन परवाना काढलात, तरच नावाआधी ‘इंजिनियर’ लागतं. आणि एकदा लागलं की थडग्याच्या दगडापर्यंत निघत नाही. बायकोसुद्धा चारचौघांत ‘इंजिनियर, जेवायला या’ म्हणते. तुतिंगकडे पदवी होती, परवाना नव्हता. तो परीक्षेला किती वेळा बसला यावर गावात एकमत नाही. बेकरीवाला आठ म्हणतो. पाद्री दहा म्हणतात, कारण दर वेळी त्याच्या पेन्सिलींवर पवित्र पाणी त्यांनीच शिंपडलं. एकदा तर ते इतक्या भक्तीने शिंपडलं की कॅल्क्युलेटरच बंद पडला. खुद्द तुतिंगला विचारलंत तर तो म्हणायचा, “काही वेळा.” लोक त्याला ‘अर्धा इंजिनियर’ म्हणत. तो हसायचा. हसणाऱ्याला दुखत नाही, हा आमच्या गावाने लावलेला शोध आहे.

आता कॉलेजकडे वळू. आमच्या विद्यापीठाचं इंजिनियरिंग कॉलेज टेकडीवर आहे, म्हणजे उंच तर ते पहिल्यापासून होतंच. पण डीन बियाफ्लोर यांना ते अजून उंच न्यायचं होतं. शेजारच्या प्रांतातल्या कॉलेजच्या गेटवर, परवान्याच्या परीक्षेत देशात पहिल्या दहांत आलेल्या पोरीचा फ्लेक्स लागला आणि डीनना अन्न गोड लागेना. वरचा दर्जा मिळाला पाहिजे, ते म्हणू लागले. दर्जा आला की सरकारी पैसा येतो, पैसा आला की इमारत येते, इमारत आली की उद्घाटनाला मंत्री येतो. दर्जा कशाने येतो? “शिकवण्याने,” असं एक जुने सर बैठकीत म्हणाले. त्यांना कॉफी देऊन खाली बसवलं. मग ‘उंच भरारी निधी’ काढायचं ठरलं.

आमच्याकडे निधी काढायचा म्हणजे राणी निवडायची. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या दर तुकडीने एक बाई उभी करायची. एक पेसो म्हणजे एक मत. रूप, वय, चाल, कशाचाही संबंध नाही. जिच्या डब्यात जास्त पैसा ती सुंदर. जगात इतर ठिकाणीही असंच असतं, आम्ही फक्त डबा सगळ्यांसमोर ठेवतो.

तुतिंगच्या तुकडीची उमेदवार एका दंतवैद्याची बायको होती. तिच्यासाठी तुतिंग दारोदार फिरला. जीपनीच्या, म्हणजे आमच्या लांबोळक्या प्रवासी जीपच्या तळावर मी भाजलेली केळी विकते, तिथेही आला.

“नांग बेबिंग, एक तिकीट घ्या ना. कॉलेज वर येईल.”

‘नांग’ म्हणजे ताई. मला सगळेच म्हणतात, माझ्यापेक्षा मोठे असलेले नगरपालिकेचे कारकूनसुद्धा. ते भीतीने म्हणतात, कारण मी विक्रेत्यांची संघटना चालवते.

“कॉलेज वर आलं तर तुला काय मिळणार रे?” मी विचारलं.

“मला काय? कॉलेजचं नाव होईल. त्या कॉलेजचा मी, म्हणजे माझंही थोडं होईल.”

“तू स्वतः किती घातलेस?”

तो केळ्यांकडे बघायला लागला. मग कळलं, कित्येक रविवारची जादा मजुरी त्याने त्या दंतवैद्याच्या बायकोच्या सौंदर्यात घातली होती. ती तिसरी आली. राणी झाली इंजिनियर मोदेस्तो सोलिनाप यांची बायको. हा सोलिनाप म्हणजे आमच्या प्रांताचे रस्ते बांधणारा कंत्राटदार. दर पावसाळ्यानंतर तेच रस्ते तो पुन्हा बांधतो, इतकं त्याचं त्यांच्यावर प्रेम. शेवटच्या मोजणीला डबे बंद व्हायची वेळ येईपर्यंत तो गप्प बसला, आणि मग धनादेश असा हवेत धरून व्यासपीठाकडे चालत गेला की बँडवाल्यांनी आपोआप वाजवायला सुरुवात केली. अठ्ठावन्न वर्षांच्या राणीच्या डोक्यावर मुकुट बसला. घट्ट बसला, पण बसला.

पैसा आला तसा मनिलाहून सल्लागारही आला. त्याने माजी विद्यार्थ्यांच्या सभेत भिंतीवर रंगीत आकडे पाडले आणि सांगितलं, कॉलेज मागे पडण्याचं कारण सापडलं आहे. पहिल्यांदा परीक्षेला बसणारी मुलं बरी आहेत. पण नापास होऊन पुन्हा पुन्हा बसणारे आहेत ना, ते एकूण निकालाचा टक्का खाली ओढतात.

सगळ्या सभागृहाने मान वळवून मागे पाहिलं. मागे तुतिंग नूडल्सच्या ताटल्या वाटत होता. त्यानेही मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

सोलिनाप उभा राहिला. “मग त्यांना बसू देऊ नका.”

“कायद्याने अडवता येत नाही, इंजिनियर,” डीन म्हणाले.

“मग प्रेमाने अडवा.”

टाळ्या पडल्या. आमच्याकडे शिकलेल्या माणसांना विनोद आणि योजना यातला फरक कळायला वेळ लागतो. या वेळी तो कळलाच नाही: महिन्याभरात योजना तयार. तिचं नाव ‘नवी वाट’. ज्याला परीक्षा झेपत नाही अशा माजी विद्यार्थ्याला निधीतून पोटापाण्याचं साधन द्यायचं. कुणाला शिलाई यंत्र, कुणाला आईस्क्रीमची हातगाडी. बदल्यात त्याने काय करायचं, हे योजनेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते तोंडी सांगायचं होतं.

पहिला मान तुतिंगचा. डीननी त्याला टेकडीवर बोलावलं.

“ये, इंजिनियर, बस.”

“सर, मी अजून कुठे…”

“अरे बस रे. घरातलीच माणसं आपण. आई कशी आहे?”

“बरी आहे, सर. गुडघे तेवढे…”

“हां, गुडघे! या वयात तिने चालणं बरं नाही. घरात गाडी पाहिजे. आम्ही तुला गाडी देतोय. तीनचाकी. नवी कोरी मोटरसायकल, बाजूला प्रवाशांचा डबा जोडलेला. चालव, कमव, आईला फिरव.”

तुतिंग खुर्चीच्या कडेला सरकला. “आणि मी काय करायचं, सर?”

“काही नाही! तेच तर सांगतोय. नोव्हेंबरात काहीच करायचं नाही. इतकी वर्षं कॉलेजसाठी धडपडलास. आता कॉलेजसाठी थोडं गप्प बस.”

“बघतो, सर,” तुतिंग म्हणाला.

आमच्याकडे ‘बघतो’ म्हणजे नाही. मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकणं, म्हणून आम्ही ‘बघतो’ म्हणतो. दुधखुळ्या पोरालाही हे कळतं. डीन याच मातीतले, ते स्वतः दिवसाला दहा जणांना ‘बघतो’ म्हणून वाटेला लावतात. पण दुसऱ्याचा नकार माणसाला परवडला तरच ऐकू येतो. डीननी तुतिंगच्या पाठीवर थाप मारली आणि कार्यक्रमाची तारीख ठरवली.

हो, कार्यक्रम. असलं काम दुसऱ्या कुठे बंद दाराआड, खालच्या आवाजात उरकलं असतं. आमच्याकडे निधीतला पैसा खर्च झाला आणि फोटो निघाला नाही, तर तो खाल्ला असं धरतात. तेव्हा कॉलेजच्या मैदानात मांडव घातला. आधी प्रार्थना, मग राष्ट्रगीत, मग मुलींचा नाच, मग डीनचं भाषण, मग पुन्हा नाच, कारण सोलिनापला यायला उशीर झाला. तुतिंगला पुढच्या खुर्चीवर मोगऱ्याची माळ घालून बसवलं होतं. सत्कार कशाचा ते एकही वक्ता बोलला नाही. सगळे ‘आपल्या लाडक्या तुतिंगच्या त्यागा’वर घसरले. पाद्रींनी तीनचाकीवर पाणी शिंपडलं. तिच्या कपाळावर सोनेरी अक्षरं होती: ‘इंजिनियर व सौ. मोदेस्तो सोलिनाप यांच्या सौजन्याने’. तुतिंगने किल्ली घेतली. एवढ्या लोकांसमोर तो ‘बघतो’सुद्धा म्हणू शकला नाही.

आणि गेटवर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्याकडे कॉलेजच्या फ्लेक्सचा एकच साचा होता, परीक्षा पास झालेल्यांचा. त्याने तोच घेतला. वर माणसाच्या उंचीच्या अक्षरांत ‘अभिनंदन!’, दोन्ही बाजूंना सोनेरी पानं, मधे पदवीच्या टोपीतला तुतिंग. फोटो एकविसाव्या वर्षीचा, टोपीखाली भरपूर केस. त्याखाली ‘रेस्तितुतो पाक्लिबार’. आणि अगदी तळाला, मुंगीने पायाने लिहावं तसं: ‘नवी वाट योजनेचे पहिले मानकरी’.

धावत्या जीपनीतून तळाचं कोण वाचतं? दुपारपर्यंत गावभर झालं, तुतिंग पास झाला! परीक्षा एप्रिलात नाहीतर नोव्हेंबरात असते आणि आत्ता जुलै चालू आहे, हा विचार आनंदाच्या भरात कुणाला सुचला नाही. मासळीवालीने त्याला फुकट बांगडे दिले. हार्डवेअरचा मालक, जो बारा महिने ‘ए अर्ध्या’ म्हणून हाक मारायचा, तो दुकानाच्या दारात उभा राहून म्हणाला, “या, इंजिनियर.” बेकरीवाल्याने सगळ्यांना सांगितलं, मी म्हणतच होतो, नवव्या वेळेला होणार. कस्टमच्या कारकुनाच्या सासूने रस्त्याच्या पलीकडून हात केला.

मला खरं ठाऊक होतं. मी त्या कार्यक्रमाला गेले होते, मला कुणी बोलावलं नव्हतं म्हणून. संध्याकाळी तुतिंग तळावर गाडी घेऊन आला आणि डब्यातच बसून राहिला.

“सांगत का नाहीस लोकांना?” मी म्हटलं.

“काय सांगू, नांग? परीक्षेला न बसण्याबद्दल गाडी मिळाली, असं सांगू?”

“असंच सांग.”

“तुम्ही सांगा. तुम्हाला भांडायची सवय आहे.”

“माझ्या नावाचा फ्लेक्स लागला असता तर आत्तापर्यंत त्याच्या पायपुसण्या करून विकल्या असत्या मी. बसणार आहेस का नोव्हेंबरात, ते सांग.”

“सरांना वाटतंय, मी शब्द दिला.”

“दिलास का?”

“‘बघतो’ म्हणालो.”

“म्हणजे नाही दिलास.”

“पण किल्ली घेतली ना, नांग. किल्ली घेताना फोटो काढलाय.”

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. कॉलेजने त्याला फसवलं नव्हतं. मेल्यांनी त्याची लाज मोजली होती, आणि बरोब्बर तेवढ्याच मापाची गाडी घेतली होती. अर्जाची मुदत ऑगस्टअखेर संपायची. तोवर हा डब्यात बसून लाजत राहिला असता, तर डीनचं काम झालं होतं.

पण त्याच आठवड्यात नाय कोर्दिंगने डुक्कर कापलं.

हे डुक्कर साधं नव्हतं. आमच्याकडे माणूस गेला की नऊ रात्री प्रार्थनेला गाव जमतं आणि गावाला जेवू घालावं लागतं. म्हातारीला आपल्यामागे पोरावर तो भार नको होता, म्हणून तिने स्वतःच्या मयतासाठी ते डुक्कर पाळलं होतं. त्याला ती ‘माझं शेवटचं’ म्हणायची. ते शेवटचं तिने पहाटे कापायला लावलं, बांबूवर आख्खं भाजून घेतलं, आणि सगळ्या गावाला आवतण दिलं. डीननासुद्धा.

डीनना यावं लागलं. म्हातारीच्या आवतणाला ‘बघतो’ म्हणणं जमत नाही. तिने त्यांना मधोमध बसवलं, पाठीवरची कुरकुरीत कातडी स्वतःच्या हाताने त्यांच्या ताटात घातली.

“अजून घ्या, डीन. लाजू नका. तुमच्यामुळेच माझं पोर मार्गाला लागलं.”

“अहो, नाय कोर्दिंग, मी काय केलं…”

“असं कसं! गेटावर केवढा मोठा फोटो लावलात. कुणी करतं का आपल्या पोरासाठी इतकं? घ्या, कान पण घ्या.”

डीननी कान घेतला. तो त्यांना बराच वेळ चावत बसावा लागला. तुतिंग दारात उभा होता. लोक येऊन त्याच्याशी हात मिळवत होते आणि तो प्रत्येक वेळी अजून बुटका होत होता. सोलिनाप आला नाही, त्याने एक पेटी बिअर पाठवली. तीही सौजन्यानेच.

गाव जेवून, ढेकर देऊन गेलं. मी भांडी घासायला मागे राहिले. विहिरीपाशी आम्ही तिघं होतो.

“नाय, एक सांगायचंय,” तुतिंग म्हणाला.

“ते पातेलं वाळूने घास. नुसत्या पाण्याने चरबी निघायची नाही.”

“नाय, मी पास झालेलो नाही.”

“माहीत आहे.”

तुतिंगच्या हातातलं पातेलं घरंगळत चिखलात गेलं. मीही घासायची थांबले.

“माहीत आहे म्हणजे?”

“फ्लेक्सच्या तळाला लिहिलंय की. लोक जीपनीतून जातात, माझे गुडघे मला गेटापाशी दर वेळी बसवतात. वाचायला भरपूर वेळ मिळतो. नवी वाट म्हणे! जुनी वाट बंद केल्याशिवाय कुणी नवी दाखवतं का?”

“मग डुक्कर का कापलंस?” तुतिंग ओरडला. “तुझं शेवटचं होतं ते!”

“कारण तू सोडणार होतास.”

“मी ‘बघतो’ म्हणालो होतो.”

“तू ‘बघतो’ म्हणालास की काय होतं ते मी बघितलंय. लग्न ठरलं होतं त्या पोरीच्या बापालाही तू ‘बघतो’च म्हणाला होतास. आता गावाने माझ्या मयताचं डुक्कर खाल्लंय. ‘इंजिनियर इंजिनियर’ म्हणत खाल्लंय. बघू आता कसा बसत नाहीस.”

“आणि नापास झालो तर?”

“तर नापास हो. नापास व्हायलाही बसावंच लागतं.”

मग तिने माझ्याकडे वळून मला सांगितलं की मी भांड्यांच्या कडा घासत नाही, आणि विषय संपला.

तुतिंगने अर्ज भरला. ही बातमी टेकडीवर पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही, कारण अर्जासाठी कॉलेजचा दाखला लागतो आणि दाखला देणारी बाई डीनची चुलतबहीण. दुपारी डीन स्वतः जीपनीच्या तळावर उतरले. तुतिंग माझ्या टपरीमागे कोळसे फुंकत होता. पुढे मी उभी होते.

“नांग बेबिंग, तुतिंग कुठे आहे?”

“काय काम होतं, डीन?”

“ते आमच्या दोघांतलं आहे.”

“दोघांतलं? मांडवात चारशे माणसं होती की!”

डीननी आवाज खाली आणला. “हे बघा, त्याने शब्द मोडलाय. गाडी कॉलेजची. आम्हाला ती परत न्यावी लागेल.”

“न्या ना. पण रीतीने न्या. आधी प्रार्थना, मग राष्ट्रगीत, मग मुलींचा नाच. मग तुम्ही भाषण करा की हा माणूस परीक्षेला बसला म्हणून आम्ही याची गाडी काढून घेतोय. फ्लेक्स मी लावते, सोनेरी पानांसकट. अक्षरं मात्र तळापर्यंत सारखी मोठी घेईन.”

तळावरचे ड्रायव्हर गाड्या सोडून जवळ आले. कुणीतरी शीळ घातली.

“तुम्ही प्रत्येक गोष्टीत राजकारण आणता,” डीन म्हणाले.

“मी केळी विकते, डीन. राजकारण तुम्ही गाडीतून पाठवलंत.”

खरं तर मला तिथे अजून बरंच बोलायचं होतं. आठवडाभर तोंडात घोळवून ठेवलं होतं. पण तुतिंग धुरातून बाहेर आला, हात चड्डीला पुसले आणि किल्ली पुढे केली.

“घ्या, सर.”

“अरे, तसं नाही, तुतिंग. विचार कर. आईचे गुडघे…”

“गुडघ्यांनीच सांगितलंय, सर. मी ‘बघतो’ म्हणालो होतो. नीट बोलायला हवं होतं. आता बोलतो: नाही.”

मी त्याला एवढी वर्षं ओळखते. हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. बारीक आवाजात आला, पण आला. एका ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी माझं घोळवलेलं भाषण तिथेच सोडलं आणि केळी उलटायला वळले.

डीननी किल्ली घेतली. मग अडचण आली. बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल चालवायला वेगळा हात लागतो. ती वळते एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. डीनना साधी सायकलही येत नव्हती. ते किल्ली धरून तसेच उभे राहिले. शेवटी तुतिंगच म्हणाला, “बसा, सर. मी सोडतो.” आणि भर दुपारी, भर बाजारातून, डीन बियाफ्लोर ‘सौजन्याने’च्या सोनेरी अक्षरांखाली डब्यात बसून टेकडीवर गेले. जप्त करणाऱ्याला जप्तीच्या गाडीतून घरपोच करून तुतिंग पायी खाली उतरला. मी त्याला केळी दिली. पैसे घेतले, कारण घेतले नसते तर त्याने केळी खाल्ली नसती.

नोव्हेंबरात तो परीक्षेला शहरात गेला. पाद्रींनी पेन्सिलींवर पाणी शिंपडलं. कॅल्क्युलेटर या वेळी त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच पुढे केला. नाय कोर्दिंगने केळीच्या पानात भात बांधून दिला. हार्डवेअरच्या मालकाने भरपगारी रजा दिली. एव्हाना फ्लेक्सच्या तळाचं गावाने वाचलं होतं. वाचून झाल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं होतं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या तोंडावर डुकराची चरबी दिसली होती. तेव्हा कोण कुणाला काय बोलणार?

निकाल लागला. पास व्हायला सत्तर लागतात. तुतिंगला अडुसष्ट मिळाले. एवढे त्याला कधीच मिळाले नव्हते.

कॉलेजचा टक्का मात्र आपटला. गेल्या साली होता त्याहून खाली गेला. पहिल्यांदा बसलेली मुलं धडाधड पडली, कारण ज्या जादा शिकवणीने ती पास व्हायची तिचा पैसा मुकुट, मांडव, सल्लागार आणि फ्लेक्स यांत गेला होता. डीननी पत्रक काढलं की नापास होऊन पुन्हा बसणाऱ्यांमुळे हे झालं. आता, पुन्हा बसणाऱ्या बाकीच्यांनी शिलाई यंत्रं आणि आईस्क्रीमच्या गाड्या मुकाट्याने घेतल्या होत्या. आमच्या कॉलेजचा पुन्हा बसलेला यंदा एकटा तुतिंग. एका माणसाने आख्खं कॉलेज खाली ओढलं! एवढी ताकद असेल तर त्याला सोलिनापच्या रस्त्यांवर रोडरोलर म्हणून फिरवा, निदान एका पावसाळ्यापुरते तरी ते टिकतील. हे मी नगरपालिकेच्या सभेत बोलले. इतिवृत्तात घेतलं नाही.

निकालाच्या संध्याकाळी मी पाक्लिबारांच्या घरी गेले. नाय कोर्दिंग ओट्यावर बसली होती, पायाशी एक पिल्लू बांधलेलं. नवं डुक्कर. आत दिव्याखाली तुतिंग पाण्याच्या दाबाची गणितं करत होता.

“रडला का?” मी हळूच विचारलं.

“जेवला,” ती म्हणाली. “दोनदा वाढून घेतलं.”

“एप्रिलात बसणार?”

“मला काय विचारतेस? तो काय मुका आहे?”

मी आत बघितलं. तुतिंगने मान वर न करता सांगितलं, “बसणार, नांग.” आणि खोडरबर शोधायला लागला.

पांदानोनमध्ये आता त्याला कुणी अर्धा म्हणत नाही. ज्यांच्या पोटात ते डुक्कर गेलं ते गप्प आहेत, आणि ते सगळ्यांच्या पोटात गेलं आहे. तुम्ही त्या पंगतीला नव्हता, त्यामुळे तुमच्यावर आमचा काही हक्क नाही. तरी एक मागते. तुमच्या गल्लीत, कदाचित तुमच्याच घरात, असा एखादा असेल: टेबलावर तीच पुस्तकं, केस मागे सरकलेले, हातात पेन्सिलींची जुनी डबी घेऊन पुन्हा परीक्षेला निघालेला. तो दाराशी येईल तेव्हा ‘या वेळी तरी होणार ना?’ असं विचारू नका. बाजूला सरका आणि त्याला जाऊ द्या.